गोल रेषेच्या दोन यार्ड अलीकडे

माझा धाकटा भाऊ सारंग वैशंपायन अमेरिकन फुटबॉल खेळतो. तो रनिंग बॅक आहे आणि तो जपानमध्ये खेळतो. पुण्याच्या नातेवाइकांना हे मी इतक्या वेळा सांगितलंय की आता ते एका दमात बाहेर पडतं. पुढचा प्रश्नही ठरलेला असतो. ‘म्हणजे नक्की करतो काय?’ क्वार्टरबॅक नावाचा खेळाडू त्याच्या पोटाशी चेंडू देतो, समोरचे अकरा जण त्याला आडवं करायला धावून येतात, आणि त्यानं त्यांच्यातून जमेल तितकं पुढे जायचं. मैदानाच्या टोकाची रेषा, म्हणजे गोल रेषा, ओलांडली की टचडाउन, सहा गुण, आणि वर एक-दोन जादा गुण मिळवायची संधी. चेंडू हातातून निसटला तर ज्याला सापडेल त्याचा. एवढं कळलं की बाकीचं जेवताना सांगता येतं.

आम्ही नागोयाला आलो तेव्हा मी तेरा वर्षांची होते आणि सारंग आठ. बाबा मोटारींच्या गिअरबॉक्सचं डिझाइन करतात. तीन वर्षांच्या पोस्टिंगवर आले आणि राहिलेच. आई पुण्यात शाळेत गणित शिकवायची. इथे पहिली दोन वर्षं तिनं जपानी शिकण्यात आणि कुठल्या वारी कुठला कचरा बाहेर ठेवायचा ते पाठ करण्यात घालवली, मग एका कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये आरुबाइतो, म्हणजे पार्टटाइम काम, धरलं. मी मराठी घेऊन आले होते, ती टिकली. सारंग आईला अर्ध्या वेळेला जपानीत उत्तरं द्यायचा. भांडताना मात्र तो मराठीवर यायचा.

त्याचं खेळणं सुरू झालं ते लादी पुसताना. जपानी शाळेत वर्ग आणि व्हरांडे मुलंच साफ करतात. ओलं फडकं दोन्ही तळहातांखाली धरायचं, कंबर उचलायची आणि ओणव्यानंच धावत लांबलचक व्हरांडा पुसत न्यायचा. मुलं त्याची शर्यत लावतात. सारंग बुटका, मांड्या जाड, हायस्कूलमध्ये नुकताच गेलेला. पहिल्याच आठवड्यात तो या शर्यतीत सगळ्यांच्या पुढे निघून गेला, वाटेत उभ्या असलेल्या दोन मुलींना आणि एका बादलीला वळसा घालून, मान वर ठेवून, न थांबता. व्हरांड्याच्या टोकाला मोरिता-सेन्सेई उभे होते. ते इतिहास शिकवायचे आणि शाळेचा अमेरिकन फुटबॉलचा क्लब चालवायचे.

परवानगी मागायला ते स्वतः आमच्या घरी आले. आईनं त्यांना पोहे दिले.

“फुटबॉल ना?” बाबांनी विचारलं. “मग चेंडू हातात का धरतात?”

“तो प्रश्न मलाही आहे,” सेन्सेई हसून म्हणाले. “पण तुमचा मुलगा जमिनीच्या इतक्या जवळ राहून इतक्या वेगानं पळतो. वीस वर्षांत मी असा मुलगा पाहिला नाही.”

“हाडं मोडतील का?” आईनं विचारलं.

“मोडू शकतात,” ते म्हणाले. खोटं बोलले नाहीत म्हणूनच आईनं हो म्हटलं असावं.

जाताना त्यांनी एक जुना चेंडू ठेवला आणि सारंगला सांगितलं, महिनाभर हा घरात सतत काखेत धरून हिंडायचं, आणि घरच्यांनी तो कधीही हिसकावायचा. आईनं हे फारच मनावर घेतलं. तो दात घासताना, बूट घालताना, वरणभात जेवताना ती मागून येऊन चेंडू ओढायची. पहिल्या आठवड्यात तिनं तो अकरा वेळा घेतला. चौथ्या आठवड्यात तिला तो एकदाही मिळाला नाही. पण त्या नादात तिनं खेळाचं पुस्तक आणून वाचलं, आणि शनिवारच्या सामन्यांना जाऊ लागली. आमच्या घरात तो खेळ सगळ्यात आधी आईला कळला.

सारंग क्योतोला मेकॅनिकल इंजिनिअरिंगला गेला, अर्थात विद्यापीठाचा फुटबॉल संघ बघूनच. पहिल्या वर्षी तो बाकावर बसला, दुसऱ्या वर्षी मैदानात गेला, आणि तिसऱ्या वर्षी त्याच्या नावावर विद्यापीठात पोस्टर लागलं. मी तेव्हा टोकियोत नोकरीला लागले होते. दर रविवारी त्याचा फोन यायचा. “ताई, आज एकशे बारा यार्ड.” “ताई, आज फक्त चाळीस, पण चांगले चाळीस.” त्याला स्वतःबद्दल शंका नसायची. मला कधीकधी त्याचा राग यायचा.

त्याच वर्षी नोव्हेंबरात लीगचा निकाल ठरवणारा सामना होता. आई-बाबा नागोयाहून आले, मी टोकियोहून. त्यांचा संघ तीन गुणांनी मागे, वेळ संपत आलेली, गोल रेषा पाच यार्डांवर. चेंडू सारंगकडे आला. डावीकडे मोठी फट पडली. तो त्यातून निघाला, आणि रेषा ओलांडायच्या आधीच त्यानं चेंडू छातीपासून सोडवून हवेत उंचावायला घेतला. मागून एक हात आला. चेंडू खाली पडला, दोनदा उडला, आणि दुसऱ्या संघाच्या पोराच्या अंगाखाली गेला. सामना संपला.

चौथ्या वर्षाच्या मुलांचा तो शेवटचा सामना होता. ती मैदानावरच गुडघ्यांवर बसून रडत होती. सारंग रडला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी सायकल काढून तो त्या एकवीस जणांच्या खोल्यांवर गेला आणि प्रत्येकाच्या दारात कमरेतून वाकून माफी मागून आला. कर्णधार ओनिशी सगळ्यात शेवटी भेटला. त्यानं एवढंच म्हटलं, “तू रेषेच्या पलीकडे आधीच पोहोचला होतास. चेंडू अजून अलीकडे होता.”

हे सारंगनं मला फोनवर सांगितलं. मी म्हटलं, “फारच लागलं असेल.”

“लागलं,” तो म्हणाला. “पण बरोबर बोलला. पुन्हा सुटणार नाही.”

पुढच्या एप्रिलमध्ये साध्या सरावात, कुणी अंगाला हातही लावलेला नसताना, तो वळला आणि त्याचं पाऊल गवतात अडकून तिथेच राहिलं. गुडघ्याच्या आतला लिगामेंट फाटला. चौथं वर्ष, शेवटचा मोसम, सगळं तिथेच संपलं. आम्ही हॉस्पिटलमध्ये पोहोचलो तेव्हा तो पलंगावर बसून थर्मोडायनॅमिक्सचं पुस्तक वाचत होता.

“आता बास,” बाबा म्हणाले. “डिग्री घे, नोकरी धर. गुडघा म्हणजे काही बेअरिंग नाही, जुनं काढून नवं घालायला.”

“बाबा, डॉक्टर तेच करणार आहेत. मांडीतली टेंडनची पट्टी काढून तिथे बसवतात. नऊ महिने लागतात.”

“आणि मग?”

“मग धावायचं.”

बाबा खिडकीपाशी जाऊन उभे राहिले. पाठ आमच्याकडे ठेवूनच म्हणाले, “मी मात्र आता बघायला येणार नाही. तू पडलास की मला बघवत नाही.”

“नका येऊ,” सारंग म्हणाला. रागानं नाही म्हणाला. “मी सांगत जाईन काय झालं ते.”

नऊ महिन्यांचे अकरा महिने झाले. ऑपरेशननंतर आधी गुडघा वाकवायला शिकला, मग जिना, मग सायकल, मग कामो नदीच्या काठानं चालणं. संघाचा मोसम त्यानं मैदानाच्या कडेला उभं राहून पाण्याच्या बाटल्या भरत काढला. मी एकदा भेटायला गेले तेव्हा तो नदीकाठी एका पायावर तोल सांभाळत उभा होता आणि जवळच्या बाकावरचे एक आजोबा घड्याळ लावून त्याचे सेकंद मोजत होते. दोघांची ओळख तीन महिन्यांची. नावं एकमेकांना माहीत नव्हती.

जपानमध्ये विद्यापीठानंतर हा खेळ कंपन्यांच्या जिवावर चालतो. खेळाडू सोमवार ते शुक्रवार ऑफिसात, शनिवार-रविवार मैदानावर. टोकियोच्या तोयोसु भागातल्या एका आयटी कंपनीचा संघ होता, ‘क्रेन्स’ नावाचा. शेवटचं अख्खं वर्ष न खेळलेल्या मुलाला कोण घेणार? सारंगनं त्यांच्या कोचला, इशिगुरोंना, हातानं पत्र लिहिलं. त्यांनी चाचणीला बोलावलं. अठरा मुलांत सारंग धावण्यात पाचवा आला.

“तुझ्याहून वेगवान चौघं आहेत,” इशिगुरो म्हणाले. “तुला का घ्यायचं?”

“विद्यापीठात माझ्या हातात चारशे सहा वेळा चेंडू दिला गेला,” सारंग म्हणाला. “एकदा सुटला. तो कसा सुटला ते मला माहीत आहे. त्या चौघांना त्यांचा कसा सुटेल हे अजून माहीत नाही.”

इशिगुरोंनी त्याला घेतलं. नोकरी सॉफ्टवेअर टेस्टिंगची मिळाली. मेकॅनिकलवाला असूनही तीन महिन्यांत तो ते शिकला.

माझं ऑफिस दोन इमारती सोडून होतं. सोमवारी दुपारी आम्ही कोनबिनीतून, म्हणजे चोवीस तास उघड्या दुकानातून, ओनिगिरी, भाताचे भरलेले गोळे, घेऊन कालव्याच्या कठड्याशी बसायचो. तो बसताना ‘आई गं’ म्हणायचा, उठताना पुन्हा म्हणायचा. मान, बरगड्या, बोटं, दर आठवड्याला काहीतरी नवं सुजलेलं. ऑफिसातले लोक विचारायचे, “वैशंपायन-सान, काल जिंकलात का?” आणि मग हळूच त्याच्या हातातला लॅपटॉप उचलून द्यायचे. जर्सीवर आडनाव मावत नव्हतं. शिवणाऱ्यानं अक्षरं या खांद्यापासून त्या खांद्यापर्यंत कमानीसारखी बसवली. निवेदकाला ते उच्चारता येईना, म्हणून प्रेक्षकांनी शेवटचा तुकडा उचलला. “पायान! पायान!” असा घोष स्टेडियममध्ये पहिल्यांदा ऐकला तेव्हा मी आईकडे बघितलं. ती हसत नव्हती. ती समोरच्या संघाचे खेळाडू मोजत होती. “आठ जण पुढे आणून ठेवलेत,” ती म्हणाली. “आता बाहेरून पळव त्याला.”

पहिल्या मोसमात तो चौथ्या क्रमांकाचा बॅक होता. दुसऱ्यात दुसरा. तिसऱ्या वर्षापासून चेंडू त्याचाच. पाचव्या वर्षी लीगमध्ये सगळ्यात जास्त यार्ड त्याचे होते, आणि सहा वर्षांत त्याच्या हातून एकही चेंडू सुटला नाही. दर सामन्यानंतर तो बाबांना फोन करायचा. “चौऱ्याऐंशी यार्ड, दोन टचडाउन, गुडघा ठीक.” बाबा “बरं” म्हणायचे आणि फोन आईकडे द्यायचे. त्यांनी एकही सामना पाहिला नाही, टीव्हीवरसुद्धा नाही.

सहाव्या मोसमात क्रेन्स अंतिम सामन्यात पोहोचले. जानेवारी, टोकियो, छपराखालचं मोठं स्टेडियम, समोर ओसाकाचा संघ. आईनं नागोयाहून शिनकान्सेनची, बुलेट ट्रेनची, दोन तिकिटं काढली आणि बाबांना सांगितलं, “मी एकटी जाणार नाही. डोळे मिटून बसा हवं तर, पण बसा.”

बाबा आले. कोट न काढता बसले. पहिला अर्धा वेळ त्यांनी बहुतेक छपराकडे बघत काढला. सारंग पडला की ते माझं मनगट धरायचे, तो उठला की सोडायचे. त्या दिवशी तो सव्वीस वेळा पडला आणि सव्वीस वेळा उठला. त्याचं एक टचडाउन झालं, मोसमातलं बारावं. संघाच्या इतिहासात एका मोसमात याहून जास्त कुणी केलेली नव्हती; बाराचा विक्रम जुना होता, आणि सारंग आता त्याच्या बरोबरीला आला होता. अजून एक हवं होतं.

ओसाकावाले वेगानं गुण करत होते. दुसऱ्या अर्ध्यात दोनदा त्यांनी मिनिटभराच्या आत अख्खं मैदान पार केलं. शेवटी फलक असा होता: क्रेन्स वीस, ओसाका एकोणीस. एक मिनिट चौतीस सेकंद उरलेले. चेंडू आमच्याकडे. पुढे जायला अजून चार यार्ड हवे होते. ते मिळाले तर चेंडू आमच्याकडेच राहणार, नाही तर तो लाथेनं त्यांना देऊन टाकावा लागणार. ओसाकाचे घड्याळ थांबवण्याचे सगळे टाइमआउट संपलेले. चेंडू कुणाला मिळणार हे स्टेडियममधल्या प्रत्येक माणसाला माहीत होतं.

सारंगला चेंडू मिळाला. मधोमध ढिगारा झाला. मला वाटलं अडकला. मग त्या ढिगाऱ्याच्या उजव्या कडेनं तो जमिनीला टेकेल इतका वाकून बाहेर आला, एकाच्या हाताखालून निसटला, दुसऱ्याला खांद्यानं बाजूला सारलं, आणि पुढे कुणीच नव्हतं. चार यार्ड झाले, दहा झाले, वीस झाले. सगळं स्टेडियम उभं राहिलं. “पायान! पायान!” गोल रेषा समोर मोकळी. मी ओरडत होते. बाबाही उभे राहिले होते.

आणि रेषेच्या दोन यार्ड अलीकडे तो थांबला आणि खाली बसला. एक गुडघा टेकला, मग चेंडूवर दोन्ही हात गुंडाळून गवतावर आडवा झाला.

घोष तुटला. बाबा माझ्याकडे वळले. “गुडघा,” ते म्हणाले. “गुडघा गेला त्याचा. केतकी, गुडघा गेला!” ते रांगेतून बाहेर पडायला निघाले. मलाही तेच वाटलं. कुणी त्याला हात लावला नव्हता, आणि क्योतोलाही कुणी लावला नव्हता.

आईनं बाबांचा कोट मागून घट्ट धरला.

“खाली बसा. त्याला काही झालेलं नाही. मुद्दाम बसलाय तो. गुडघा टेकला की डाव तिथेच थांबतो.”

“मुद्दाम? रेषा समोर होती!”

“घड्याळ बघा,” आई म्हणाली. तिचा आवाज वर्गात फळ्यापाशी उभं असल्यासारखा झाला होता. “टचडाउन केलं असतं तर सात-आठ गुणांनी पुढे गेलो असतो, पण चेंडू त्यांना द्यावा लागला असता. सव्वा मिनिटात ते मैदान पार करतात, आज दोनदा केलंय. आता चेंडू आपला आहे. चेंडू खेळात आणण्याआधी दर वेळी चाळीस सेकंद नुसते जाऊ द्यायचे. ते थांबवू शकत नाहीत. संपला सामना. तुमच्या मुलानं संपवला.”

समोरच्या रांगेतला एक जपानी गृहस्थ वळून बघायला लागला. त्याला मराठी कळलं नसणार, पण आईचं बोट घड्याळाकडे होतं. त्यानं घड्याळाकडे पाहिलं, तोंडावर हात ठेवला, आणि शेजाऱ्याला सांगितलं. अशी ती गोष्ट रांगेरांगेतून पसरत गेली, आणि टाळ्या आधी आमच्या बाजूनं सुरू झाल्या.

खाली सारंग स्वतःच उठला, चेंडू पंचांच्या हातात दिला आणि चालत परत आला. क्वार्टरबॅकनं दोनदा चेंडू घेऊन नुसता गुडघा टेकला. सेकंद गेले. क्रेन्स जिंकले.

सर्वोत्तम खेळाडूचं बक्षीस क्वार्टरबॅकला मिळालं. विक्रम बाराच राहिला, दोघांच्या नावावर. नंतर कठड्यापाशी इशिगुरो कोच आले, आई-बाबांना वाकून नमस्कार केला आणि म्हणाले, “खाली बसायचं हे मी त्याला आधी सांगायला हवं होतं. घाईत विसरलो. त्याचं त्यानंच ठरवलं.”

सारंग आला तेव्हा त्याच्या कपाळावर हेल्मेटचा लाल वळ होता. बाबांनी पहिल्यांदा त्याच्या गुडघ्याकडे बघितलं.

“ठीक आहे बाबा.”

“तुला कळलं कधी? बसायचं हे?”

“मागे पावलं ऐकू येईनात,” सारंग म्हणाला. “एवढ्या लांब धावलो की नेहमी कुणीतरी मागे असतं, श्वास ऐकू येतो. आज एकदम शांत झालं. मनात म्हटलं, हे पाठलाग का करत नाहीत? मग लक्षात आलं, त्यांना मी जायलाच हवा होतो. त्यांना चेंडू परत हवा होता.”

“हे सगळं धावता धावता?”

“धावतानाच सुचतं. बसून नाही सुचत.”

मी विचारलं, “आणि विक्रम?”

“वाटलं ना,” तो म्हणाला. “दोन पावलं होती, ताई. खूप वाटलं. घरी जाऊन अजून वाटेल.” मग त्यानं हेल्मेट आईच्या हातात दिलं. “पण कप पाहिलास का केवढा आहे?”

बाबा त्या संध्याकाळी माझ्या घरी जेवताना फार बोलले नाहीत. मात्र दुसऱ्या दिवशी शिनकान्सेनमध्ये बसल्यावर त्यांनी सारंगला स्वतःहून फोन केला. आईनं सांगितलं, नागोया येईपर्यंत तो चालू होता. ढिगाऱ्यातून बाहेर पडताना डावा पाय आधी की उजवा, चेंडू कुठल्या हातात, वजन कुठे, फट किती रुंद होती. हमामात्सुपाशी त्यांनी कंपनीच्या डायरीत आकृती काढायला घेतली. पुढच्या महिन्यात त्यांनी सहा मोसमांची सगळी रेकॉर्डिंग मागवली आणि रोज जेवणानंतर एक सामना, अशी ओळीनं बघितली. पडण्याचे प्रसंग ते अजूनही भरभर पुढे पळवतात.

या ऑगस्टमध्ये सारंग तीस वर्षांचा झाला. रनिंग बॅकसाठी हे वय बरंच आहे. क्रेन्सनी कुझे नावाचा बावीस वर्षांचा बॅक घेतलाय, आणि तो सारंगपेक्षा निश्चित वेगवान आहे. इशिगुरोंनी सारंगला बोलावून सांगितलं की आता चेंडू दोघांत वाटला जाईल.

“चालेल,” सारंग म्हणाला. “पण जेव्हा तीन-चार यार्डच हवे असतील आणि चेंडू कुणाकडे जाणार हे समोर सगळ्यांना माहीत असेल, तेव्हा मला द्या.”

ऑफिसातही त्याला टेस्टिंगची टीम सांभाळायला विचारलंय. त्यानं दोन वर्षं थांबा म्हणून सांगितलं, आणि ते थांबायला तयार झाले. या मोसमातला पहिला सामना गेल्या रविवारी झाला. कुझेनं नव्वद यार्ड केले, सारंगनं अठ्ठावन्न, पण ते सगळे ढिगाऱ्यातून. पुढचा सामना नागोयाला आहे. बाबांनी त्यांच्या ऑफिसातल्या चौदा जणांची तिकिटं काढलीयत, आणि आई त्या चौदा जणांना शनिवारी घरी बोलावून नियम समजावणार आहे.